आतून येणारी ऊब : सूक्ष्मलहरी, रेडिओलहरी आणि आपले धान्य

व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक या शाळेने मला दिली, तेव्हा मराठीचा निवृत्त प्राध्यापक संतवाङ्मयावर किंवा फार तर गोमंतकातील मराठीच्या परंपरेवर बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. तरीही मी धान्यातील कीड आणि ती मारू शकणाऱ्या अदृश्य लहरी हा विषय घेतला आहे. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतील घरांच्या अंगणात मे महिन्यात जे जे उन्हात पसरलेले असते, आणि पुढे चार महिने पाऊस ज्याच्यावर डोळा ठेवून असतो, त्याच्या राखणीचा हा प्रश्न आहे. तो जितका भौतिकशास्त्राचा आहे, तितकाच आपल्या घरचा आहे.

पावसाळ्याच्या बेगमीला आपल्याकडे ‘पुरुमेंत’ म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण आतला माल इथलाच. उकडे तांदूळ, सोलां, मिरच्या, सुकी मासळी, काजूबिया, चिंचेचे गोळे. या साठवणीचे दोन शत्रू, ओल आणि कीड. आणि दोघांवरही आपल्या पूर्वजांनी शोधलेला उपाय एकच, तो म्हणजे ऊन. वाळवण हा शब्द उच्चारताच मराठी मनाला ऊन आठवते, यंत्र आठवत नाही. परंतु उन्हाची एक मर्यादा आहे. ते वरून येते. चुलीची धगही बाहेरून येते. शाळेत आपण उष्णता पसरण्याचे तीन मार्ग शिकलो, वहन, अभिसरण आणि प्रारण. रोजच्या स्वयंपाकात या तिन्ही मार्गांनी पदार्थाचा पृष्ठभाग प्रथम तापतो आणि तिथून ऊब हळूहळू आत झिरपते. म्हणून बटाटा बाहेरून शिजून फुटतो तरी आत कच्चा असतो, आणि भाकरी करपली तरी पोटात पीठ राहते. आतपर्यंत उष्णता पोहोचवायची तर वेळ द्यावा लागतो, आणि तेवढ्या वेळात बाहेरचा भाग बिघडतो. पाकशास्त्रातील निम्मे कौशल्य या एका अडचणीशी झगडण्यात खर्च होते.

विसाव्या शतकात एक वेगळी वाट सापडली. पदार्थाला उष्णता द्यायचीच नाही. त्याच्या आत शिरू शकणारे, वेगाने दिशा बदलणारे विद्युत्क्षेत्र द्यायचे आणि उष्णता पदार्थाने स्वतःच्या अंगात निर्माण करायची. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत याला विद्युत् अपारक तापन म्हणता येईल. (जाता जाता माझ्या धंद्याची एक तक्रार नोंदवतो. शाळेची पुस्तके ‘वारंवारता’ म्हणतात, विश्वकोश ‘कंप्रता’ म्हणतो, आणि बिचारा विद्यार्थी त्या दोन वेगळ्या गोष्टी समजतो. मी येथे शाळेचा शब्द वापरतो, कारण आपण शाळेत बसलो आहोत.) ‘सूक्ष्मलहरी’ हा शब्दही थोडा फसवा आहे. घरातल्या मायक्रोवेव्ह भट्टीतील लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. तिला सूक्ष्म म्हणायचे ते आकाशवाणीच्या मैदानभर लांबीच्या लहरींच्या तुलनेत.

या कथेचा आरंभ भारतातही शोधता येतो. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करून त्यांच्या साहाय्याने दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीची दारूही पेटविली. त्या लहरींनी भात शिजवावा असे तेव्हा कोणाच्याही मनात आले नसावे. त्यासाठी प्रचंड शक्तीच्या लहरी देणारे साधन हवे होते, आणि ते युद्धाने दिले. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोन शास्त्रज्ञांनी रडारसाठी कोटरी मॅग्नेट्रॉन तयार केला. अमेरिकेत रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर या अभियंत्याला १९४५ च्या सुमारास चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असता खिशातली गोड वडी वितळलेली आढळली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. १९४७ मध्ये बाजारात आलेली पहिली भट्टी माणसाएवढी उंच आणि तीनशे किलोहून अधिक वजनाची होती. ओट्यावर मावणारी भट्टी यायला १९६७ उजाडावे लागले.

आता प्रत्यक्ष घडते काय ते पाहू. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते. विद्युत्क्षेत्रात तो क्षेत्राच्या दिशेला तोंड करू पाहतो. घरातील भट्टीत हे क्षेत्र सेकंदाला २४५ कोटी आवर्तने करते. शिगम्याच्या मेळात दाटीने उभ्या असलेल्या माणसांना ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला तोंड फिरवायला सांगितले तर काय होईल? कोपर कोपराला लागेल, धक्काबुक्की होईल, आणि सगळा मेळ घामाघूम होईल. रेणूंचेही तेच होते. त्यांच्या धडपडीचे आणि घर्षणाचे रूपांतर उष्णतेत होते. पदार्थात मीठ असेल तर त्याचे विद्युत्भारित कण पुढेमागे धावतात आणि उष्णतेत भर घालतात. उडदाच्या पापडात पाणी अगदी थोडे, परंतु मीठ आणि पापडखार भरपूर. म्हणून तो तेलाविना मिनिटाभरात फुलतो.

दोन गैरसमज येथेच दूर केलेले बरे. २४५० मेगाहर्ट्झ ही वारंवारता पाण्याच्या रेणूची ‘नेमकी’ वारंवारता आहे, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. ते खरे नाही. सामान्य तापमानाला पाणी त्याहून कितीतरी वरच्या वारंवारतेला सर्वाधिक ऊर्जा शोषते. निवड झाली ती दळणवळणात व्यत्यय येऊ नये म्हणून उद्योगांसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यांतून. शिवाय, लहर पृष्ठभागावरच शोषली गेली असती तर ती आत पोहोचलीच नसती. दुसरा गैरसमज अधिक उपद्रवी आहे, तो म्हणजे अन्न किरणोत्सारी होते हा. सूक्ष्मलहरीच्या एका पुंजाची ऊर्जा ही रेणूंतून इलेक्ट्रॉन उपटण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दहा लाखाव्या भागाएवढीच असते. ती तापवते, त्यापलीकडे काही करीत नाही. लासलगावला २००२ पासून कांदा आणि पुढे आंबा यांवर विकिरणाची प्रक्रिया करणारे जे केंद्र आहे, तेथे कोबाल्ट-६० चे गॅमा किरण वापरतात. ती पद्धतही सुरक्षित आहे, पण ती वेगळी, आणि दोहोंची गल्लत करण्याचे कारण नाही.

कारखान्यांत या तापनाचे दोन प्रकार रूढ आहेत. एक सूक्ष्मलहरींचा. त्यात घरगुती २४५० च्या जोडीला अमेरिकेसारख्या देशांत ९१५ मेगाहर्ट्झची पट्टी वापरतात. तिची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब, म्हणून ती जाड पदार्थात अधिक खोल जाते. दुसरा रेडिओलहरींचा; त्यातील सर्वांत प्रचलित वारंवारता २७.१२ मेगाहर्ट्झ, लहरीची लांबी सुमारे ११ मीटर. यात दोन धातूच्या पट्ट्यांमधून सरकत्या पट्ट्यावर माल जातो आणि पट्ट्यांमधील विद्युत्क्षेत्र त्याच्या संपूर्ण जाडीत पसरते. पोतेभर धान्यासाठी हा दुसरा प्रकार सोयीचा.

याचा सर्वांत मोठा औद्योगिक उपयोग ऐकून आश्चर्य वाटेल. तो शिजवण्याचा नाही. गोठलेल्या मांसाचे आणि मासळीचे ठोकळे उणे १८ अंशांवरून उणे तीन-चार अंशांपर्यंत आणणे, म्हणजे कापता येतील इतकेच सैल करणे, हे ते काम. बर्फातील रेणू जागच्या जागी जखडलेले असल्याने बर्फ फारच कमी ऊर्जा शोषतो आणि लहर ठोकळ्याच्या गाभ्यापर्यंत जाते. मात्र एखादा कोपरा वितळून पाणी झाला की तो अधाशासारखी ऊर्जा ओढू लागतो आणि शेजारी बर्फ असतानाच शिजतो. म्हणून काम वितळण्याच्या अलीकडेच थांबवतात. बिस्किटांच्या कारखान्यांतही रेडिओलहरी आहेत. भट्टीतून निघालेल्या बिस्किटाची कड कोरडी आणि मध्यभाग ओलसर असतो. त्या फरकाने ते पुढे पुड्यातच तडकते. रेडिओलहरी ओलसर मध्यालाच अधिक तापवतात आणि ओलावा सारखा करतात.

आता किडीकडे वळू, कारण आपल्या घराशी संबंध तिचा आहे.

तांदळातला सोंडा सर्वांच्या ओळखीचा. पण आपण त्याला ओळखतो तो म्हातारपणी. मादी तांदळाच्या दाण्याला सोंडेने भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि भोक चिकट द्रवाने लिंपून टाकते. अळी दाण्याच्या आतच जन्मते, आतला भाग खात वाढते, आतच कोश करते, आणि उबदार दमट हवेत साधारण महिन्याभराने पूर्ण वाढलेला सोंडा दाणा फोडून बाहेर येतो. म्हणजे सुपात दिसणारे दहा सोंडे पाखडून टाकले तरी न दिसणारे कितीतरी जीव दाण्यांच्या बंद खोल्यांत सुखाने जेवत असतात. तांदूळ उन्हात घातला की मोठे सोंडे पळतात. अळ्या बहुधा राहतात. ‘ऊन दाखवले तरी पुन्हा कीड झाली’ या तक्रारीचे मूळ हेच. आपल्या उकड्या तांदळाची रीत या दृष्टीने फार शहाणपणाची. भात वाफवताना दाण्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता जाते, आतली कीड मरते, आणि वाळल्यावर दाणा कठीण होतो. सुरय तांदळाला हे संरक्षण नाही.

साठवणीतले बहुतेक कीटक ३५ अंशांच्या वर वाढेनासे होतात आणि ५० ते ६० अंशांच्या दरम्यान काही मिनिटांत मरतात. अडचण एवढीच की धान्याचा ढीग उष्णतेचा अतिशय वाईट वाहक आहे. गरम हवेने पोत्याचा गाभा ६० अंशांवर न्यायचा तर तास लागतात आणि बाहेरचे धान्य तडकते. म्हणून जगाने विषारी वायूंचा आश्रय घेतला. त्यांपैकी मिथिल ब्रोमाइड काही तासांत काम करीत असे. परंतु तो वातावरणातील ओझोनचा थर विरळ करतो असे सिद्ध झाल्यावर १९९२ मध्ये तो माँट्रियल कराराच्या कक्षेत आला. विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत त्याचा सर्वसाधारण वापर थांबवायचा असे ठरले. निर्यातीपूर्वीच्या आणि रोगकीडप्रतिबंधाच्या वापराला तेवढी सूट राहिली. उरला फॉस्फीन. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना हवेतील ओल लागली की तो सुटतो. त्याला बंदिस्त जागा आणि अनेक दिवस लागतात. जागा नीट बंद नसेल तर काही कीटक वाचतात, आणि वाचलेल्यांची प्रजा पुढे त्या विषाला दाद देत नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९७२-७३ च्या पाहणीतच असे कीटक आढळले होते. माणसांच्या बाबतीत मात्र त्या गोळ्यांचा प्रभाव मुळीच कमी झालेला नाही. घरात धान्याच्या पिंपात त्या टाकून त्याच खोलीत झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. अशी गोळी कोणी दुकानाच्या मागच्या दाराने दिली तर ती घरात आणू नये, हे मी या व्यासपीठावरून स्पष्ट सांगतो.

रेडिओलहरींची कल्पना या पार्श्वभूमीवर पुन्हा पुढे आली. ‘पुन्हा’ म्हणतो, कारण अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या अखेरीसच कीटकांवर असे प्रयोग झाले होते. पुढे स्टुअर्ट नेल्सन या कृषी अभियंत्याने तेथे अनेक दशके या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. त्याचे म्हणणे सोपे होते. कोरड्या धान्यात पाणी बारा टक्क्यांच्या आसपास. सोंड्याच्या शरीरात निम्म्याहून अधिक. तर मग कीटक धान्यापेक्षा लवकर तापवता येईल का? मोजमापांतून दिसले की हा फरक सर्वाधिक असतो तो काही दशक मेगाहर्ट्झच्या टापूत. ३९ मेगाहर्ट्झला धान्य जितके तापवून सोंडे मरतात, त्याहून बरेच अधिक ते २४५० ला तापवावे लागते. सूक्ष्मलहरींपेक्षा रेडिओलहरी किडीसाठी सरस ठरल्या त्या यामुळे. तथापि येथे अतिशयोक्ती नको. सोंडा इतका लहान असतो की त्याच्या अंगातील जादा ऊब लगेच भोवतालच्या दाण्यात निघून जाते. ‘कीड भाजली आणि दाणा थंड राहिला’ असा चमत्कार प्रत्यक्षात घडत नाही. काही अंशांचा लाभ मिळतो, इतकेच. खरा फायदा वेगाचा आहे. सगळा ढीग आतून-बाहेरून काही मिनिटांत साठ अंशांपर्यंत जातो.

कॅलिफोर्नियाच्या अक्रोडांवर हे कारखान्याच्या प्रमाणात करून पाहिले गेले. अक्रोडाच्या कवचातील अळी धुरीविना मारण्यासाठी वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातील वांग, तांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ मेगाहर्ट्झची यंत्रणा वापरली आणि २००७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. साठ अंशांच्या जवळपास काही मिनिटे ठेवलेल्या अक्रोडांतील अळ्या मेल्या आणि गराची चव टिकली. कवचाचे, तेलकट गराचे, परदेशी बाजाराचे फळ! हे वर्णन ऐकून डिचोलीच्या माणसाला काजू आठवला नाही तरच नवल.

आपल्याकडे काजूबी भाजून किंवा वाफवून फोडतात. मग गर सालीसकट बोर्म्यात, म्हणजे गरम हवेच्या कपाटात, सत्तर अंशांच्या आसपास कित्येक तास ठेवतात, तेव्हा साल सुटते. गरात चाळीस टक्क्यांहून अधिक तेल आणि वाळल्यावर पाणी अवघे चार-पाच टक्के. लहरी तेलाला फारशा तापवत नाहीत, उरलेल्या पाण्याला तापवतात. म्हणून वाळवण्याचे तास मिनिटांवर आणता येतात. धोका असा की क्षेत्र सर्वत्र सारखे नसते. एखाद्या जागी गर आतून करपतो आणि बाहेरून पांढराच दिसतो. काजूच्या व्यापारात अखंड पांढऱ्या गराचा भाव सर्वांत मोठा. डब्ल्यू-३२० म्हणजे पौंडाला तीनशे ते तीनशे वीस गर. तडकलेला गर ‘पाकळी’ होतो, त्याहून फुटका ‘तुकडा’, आणि प्रत्येक पायरीला भाव उतरतो. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला मान मिळाल्यावर डब्यात कीड निघणे अधिक महाग पडते. माझ्या मते या लहरींचे पहिले काम काजू वाळवण्याचे नसावे. वाळवणे बोर्म्यालाच करू द्यावे, आणि डबाबंद करण्यापूर्वी शेवटची काही मिनिटे कीड मारण्यासाठी रेडिओलहरी द्याव्यात. त्यात करपण्याची भीती कमी आणि लाभ अधिक.

खर्चाचा हिशेब करून पाहू. एक किलो पाणी वाफ होऊन जायला २२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे सुमारे ०.६३ युनिट. यंत्राचा व्यय धरला तर एक युनिट म्हणा. त्यामुळे ओली मिरची किंवा सोलां लहरींनी वाळवणे हा उन्हाचा अपमान आहे. मेच्या उन्हाचे बिल येत नाही. किडीचे गणित निराळे आहे. एक क्विंटल तांदूळ ३० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ५१०० किलोज्यूल, म्हणजे दीड युनिटहूनही कमी. निम्मी वीज वाया गेली तरी तीन युनिट पुरतात. वीज अडसर नाही. अडसर यंत्राच्या किमतीचा आहे. ते एका घराला, एका लहान कारखान्यालाही पेलणारे नाही. सहकारी सोसायटीच्या गोदामात एक यंत्र आणि भोवतालच्या गावांचा माल, असेच त्याचे गणित जुळू शकते. डिचोलीत २०१२ साली आणि नंतर २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर पुष्कळ घरे शेतीबागायतीकडे वळली. पेडण्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. माल आहे, वाट आहे. मधल्या राखणीची सोय मात्र जुनीच आहे.

हरमलच्या मिरचीचा येथे उल्लेख हवा. पेडणे तालुक्यातील या मिरचीला २०२१ मध्ये मानांकन मिळाले. वाळल्या मिरचीत किडीइतकीच भीती बुरशीची आणि जंतूंची. मसाले निर्जंतुक करण्यासाठी पुष्कळ ठिकाणी एथिलीन ऑक्साइड वायू वापरतात. युरोपात तो चालत नाही, आणि २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात त्याचा अंश सापडल्यावर तिथे मोठा गहजब झाला. लहरींच्या उष्णतेचा कोणताही अंश मागे राहत नाही. पण कोरड्या पदार्थातले जंतू उष्णतेला चिवट असतात. सोंड्याला पुरणारे साठ अंश त्यांना पुरत नाहीत, आणि अधिक तापवावे तर मिरचीचा रंग उतरतो. या प्रश्नावर संशोधन चालू आहे.

लाकडाच्या बाबतीत मात्र गोष्ट नियमपुस्तकात शिरली आहे. मुरगाव बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालाखालच्या लाकडी फळ्या पाहाव्यात. त्यांवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि काही अक्षरे डागलेली असतात. लाकूड पोखरणारी कीड देशोदेशी जाऊ नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे ठेवावा लागतो. २०१३ मध्ये त्यात लहरींच्या तापनाची भर पडली. तिथे संपूर्ण जाडी ६० अंशांवर अवघे एक मिनिट ठेवली तरी चालते.

घरातल्या भट्टीत रवा दोन मिनिटे गरम करून ठेवण्याची युक्ती आता पुष्कळ गृहिणी वापरतात. ती योग्य आहे. रवा काचेच्या पसरट भांड्यात पातळ पसरावा, मध्ये एकदा ढवळावा, कारण भट्टीत गरम आणि थंड जागा शेजारीशेजारी असतात. आणि पूर्ण निवाल्यावरच डब्यात भरावा. गरम रवा झाकला की झाकणाला पाणी सुटते आणि किडीऐवजी बुरशी येते. विषाप्रमाणे उष्णता मागे पहारा देत बसत नाही. डबा सैल असेल तर शेजारच्या पिठातला किडा उद्या पुन्हा आत येईल.

बियाण्याला मात्र या वाटेला नेऊ नये. पन्नास अंशांच्या पलीकडे दाण्यातला अंकुर धोक्यात येतो. खाण्याच्या तांदळात ते कळत नाही, पेरल्यावर कळते. खाजनांतल्या खाऱ्या पाण्याला तोंड देणाऱ्या कोरगूटचे बी ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांनी ते उन्हात वाळवून, घट्ट झाकणाच्या भांड्यात, कोरड्या जागी ठेवावे, आणि श्रावणात एकदा उघडून पाहावे.